लाल बिल्ल्यांची पंगत

“आणि साहेबांनी विचारलं, की ही माणसं कशी निवडली, तर?”

“चिठ्ठ्या टाकून निवडली, साहेब.”

“आणि मग?”

“मंग काई नाही, साहेब.”

“शाबास. ‘मंग काई नाही’ एवढं धरून ठेव,” म्हणत शामरावांनी कपाळाचा घाम पुसला. सकाळपासून त्यांची ही कितवी तरी उजळणी होती. कवडूला उत्तरं केव्हाच पाठ झाली होती.

भिलाईलगत मरोद्याजवळच्या मजूर छावणीतलं हे पत्र्याचं स्वयंपाकघर. कवडू तिथला स्वयंपाकी, शामराव देखरेख अधिकारी, आणि आज दिल्लीहून समिती येणार होती. देशाच्या खाद्य-उद्योगासाठी संशोधन कुठे करायचं आणि त्याला पैसा किती द्यायचा, हे तिच्या हातात होतं. भिलाईत लोखंड निघायला लागलं होतं. आता लोखंड काढणाऱ्याच्या अंगात प्रथिनं किती, याची दिल्लीला काळजी लागली होती. म्हणून शेंगदाण्याचं तेल काढून उरलेल्या ढेपेचं पीठ कणकेत मिसळायचं आणि माणसाचं वजन वाढतं का ते बघायचं, असा प्रयोग निघाला. चिठ्ठ्या टाकून बिल्ले वाटले; ज्याला लाल बिल्ला त्याला ढेपेची पोळी, ज्याला पांढरा त्याला साधी. दोन्ही पंगतींना दोन वेळा पोटभर, फुकट. काही महिन्यांनी लाल पंगत अशी काही वजनाला भरली, की शामरावांनी आधी काट्यावरच संशय घेतला.

समितीनं मान डोलावली की देशभर या पिठाचे कारखाने निघणार होते आणि भिलाईत मोठी प्रयोगशाळा. प्रयोगशाळेत शामरावांना खुर्ची, आणि कवडू कायम. कायम म्हणजे सेक्टर सहात क्वार्टर. रुक्मानं त्या क्वार्टरच्या खिडकीला पडदासुद्धा शिवून ठेवला होता. खिडकी केवढी असते हे क्वार्टरांत धुणीभांडी करणाऱ्या शेजारच्या कमलाबाईला विचारून.

अडचण एवढीच, की प्रयोग झालाच नव्हता.

जेवणं झाली होती. पण लाल बिल्लेवाल्यांत बरेच भंडारा-गोंदियाकडचे, घरी बैल बाळगलेले. पहिल्याच घासाला त्यांनी वास ओळखला.

“अबे, ही तं ढेप होय!” गुलाबराव फिटरनं पोळी ताटात आपटली. “आमाले जनावर समजून राहिले का? उद्या धारा काढाले बसतीन हे लोक!”

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली बिल्ल्यांची अदलाबदल सुरू झाली. ज्यांच्या घरी चूल पेटत होती त्यांनी वर चार आणे देऊन पांढरे घेतले. लाल बिल्ले उतरत उतरत माती उपसणाऱ्यांच्या गळ्यात गेले. धोंडबासारख्यांच्या, ज्यांचं एक वेळचं जेवणही आजवर बेभरवशाचं होतं. त्यांनी ढेप खाल्ली आणि पोटभर खाल्ली. त्यांना नुसता भात वाढला असता तरी त्यांचं वजन वाढलं असतं.

कवडूनं हे सगळं पाहिलं होतं. तेव्हा त्याला वाटलं, ज्याची त्याची आवड. पुढे दिल्लीचं नाव निघालं तेव्हा त्यानं घाबरत शामरावांच्या कानावर घातलं. शामरावांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू मला काहीही सांगितलेलं नाहीस.”

त्या दिवसापासून एकाच गोष्टीला दोघं भीत होते.

“कावून जेवून नाही राहिले?” सकाळी रुक्मानं विचारलं होतं.

“भेव लागून राहिलं. साहेबानं विचारलं तं खोटं बोला लागते.”

“अन् खरं बोलले तं?”

“तं क्वार्टर गेलं.”

रुक्मा पडद्याच्या घडीवरून हात फिरवत राहिली. चार वर्षांपूर्वी दोघांनी नागपूरला दीक्षा घेतली होती, तेव्हापासून रोज संध्याकाळी पंचशील म्हणत. पंचशील दिल्लीतही होतं, पण ते चीनशी केलेल्या करारातलं. स्वयंपाक्यानं खोटं बोलू नये असं त्यात नव्हतं. कवडूच्या पंचशीलात होतं.

“मोठे साहेब आपल्याले कायले विचारतीन?” रुक्मा शेवटी म्हणाली. पण तिनं पडदा पेटीत ठेवला आणि पेटीला कडी घातली.

समिती आली. अध्यक्षांनी पोळीचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला, “देशी चव आहे,” म्हणाले आणि उरलेली पोळी शेजारच्या सभासदाच्या ताटात सरकवली. शामरावांनी वजनाचा तक्ता दाखवला. चढती रेघ बघून सगळ्यांचे चेहरे उजळले. माणसं कशी निवडली हे कोणी विचारलंच नाही. कवडूनं कोपऱ्यात श्वास सोडला.

जाता जाता अध्यक्ष थांबले आणि नुसत्या सभ्यतेपोटी म्हणाले, “क्यों भाई, लोग खुशी से खाते हैं न?”

हा प्रश्न उजळणीत नव्हता. शामराव मागून डोळ्यांनी विनवत होते. कवडूनं चुलीचा कठडा धरला. कठडा तापलेला होता. हात काढायचं त्याला सुचलं नाही.

“जो भूखा था साब, उसने खाया,” तो म्हणाला. “बाकी लोगों ने बिल्ला बदल लिया.”

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी शांतपणे चष्मा पुसला. समिती आंब्याखाली जाऊन हळू आवाजात बोलली. लोक पौष्टिक अन्न का नाकारतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, असं ठरलं. त्यासाठी दुप्पट पैसा, आणि संशोधन दिल्लीत. शामरावांना या चुकीचा प्रत्यक्ष अनुभव असल्यानं त्यांनाही तिकडे घेतलं. इथलं स्वयंपाकघर उद्यापासून बंद. अध्यक्षांनी कवडूचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी तो किल्ली द्यायला आला, तर लाल पंगत नेहमीसारखी बसलेली. पुढे धोंडबा.

“बंद झालं म्हंतेत. खरं का, कवडूभाऊ?”

“हो.”

“कावून?”

इथे कोणी तक्ता घेऊन उभं नव्हतं. दिल्लीच हरामखोर, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“म्या सांगतलं. बिल्ले बदलले म्हून.”

धोंडबा उठला. इतक्या महिन्यांत त्याचे दंड चांगले भरले होते, आणि ते आपणच भरवलेत हे कवडूला त्याच क्षणी आठवलं. तो एक पाऊल मागे सरला.

धोंडबानं गळ्यातला बिल्ला काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कवडूच्या भाजलेल्या तळहातावर ठेवला.

“सरकारी वस्तू होय, बापू. जमा करून देजो.”

मग एकेक जण उठला. प्रत्येकानं बिल्ला पुसून दिला. हातात मावेनात तेव्हा कवडूनं दुपट्टा पसरला.

शेवटचा बिल्लाही पडला. माणसं मात्र परत जाऊन, ताटं पुढ्यात घेऊन आपापल्या जागी बसली होती. जेवणाची वेळ अजून व्हायची होती.