पाच ते सहा काहीच न्हाई

संगमेशनं क्लासचं टाइमटेबल भिंतीला चिकटवलं, त्या दिवशी त्याच्या हातून एकच चूक झाली. पाच ते सहाचा चौकोन त्यानं कोरा सोडला.

कोरा सोडला कारण त्या तासाला कुणी नव्हतंच. लातूरच्या ट्यूशन एरियात गाणं शिकवायचं म्हणजे उरल्यासुरल्या वेळात शिकवायचं. पोरं पहाटे पावणेपाचला यायची, फिजिक्सच्या आधी. परत साडेसातला, केमिस्ट्रीच्या नंतर. तिसरीतला शिवांश मंगळवारी अन् गुरुवारी, अबॅकस आणि ऑलिम्पियाडच्या मधे नऊ मिनिटांसाठी यायचा. खाली रिक्षावाला गाडी बंदसुद्धा करायचा न्हाई. मंगळवारी सा ते प व्हायचं, ध नी सा गुरुवारी. त्याच्या आईला वाटायचं सप्तक असंच असतंय, दोन दिवसांचं.

गाण्यासाठी कुणी येत नव्हतं, हे संगमेशला ठाऊक होतं. गाण्याच्या परीक्षा पास झाल्या की दहावीला वाढीव मार्क मिळतात, त्यासाठी यायचे. त्याची काही तक्रार नव्हती, पोट चालत होतं. फक्त संध्याकाळी पाच ते सहा सगळ्या ट्यूशनवाल्यांच्या टेस्ट असायच्या. गावात एक पोरगं मोकळं नसायचं. तेवढा तास संगमेशचा स्वतःचा. दार लावायचं, पेटी पुढं ओढायची, रियाज करायचा.

तो तास त्याला का पाहिजे होता, तेही सांगतो. सात आठवड्यांवर नांदेडला रेडिओची ऑडिशन होती आणि आधी दोनदा तो नापास झालेला. देवणीला त्याचे वडील शरणप्पा जनावरांच्या पेंडीचं दुकान चालवायचे. तिसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भर. पण या बारीला न्हाई झालं तर गल्ल्यावर येऊन बस. मला आता पोती मोजवत न्हाईत." "हाव," संगमेश म्हणाला. म्हणजे बघा, एका अंगाला गाणं, दुसऱ्या अंगाला सरकी पेंड, आणि मधे रोजचा एक तास.

शनिवारी देविदास आला. देविदास मूळचा उमरीचा, नांदेडात एका ऑफिसात कारकून. त्याची बायको जया आणि दहावीतली पोरगी राजकन्या लातुरात खोली करून राहायच्या. इथं तसंच असतं. लेकरू शिकायला येतं, त्याच्या मागं आई कुकर घेऊन येते, आणि बाप शनिवारी फी भरायला येतो.

देविदास टाइमटेबलपुढं बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"सर, हे काय हाय?"

"ते काही न्हाई."

"काही न्हाई म्हंजे?"

"मोकळंय. त्या टायमाला कुणी नसतंय."

देविदासनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. "आमच्या राजकन्याला त्यात घ्या."

"अहो, मी काहीच शिकवत न्हाई त्यात."

"समजलं," देविदास म्हणाला. "मी कुणाला बोलत न्हाई."

त्याचंही चुकलं न्हाई म्हणा. लातुरात तास मोकळा राहतो, हे कुणी बघितलेलंच नव्हतं. आणि प्रत्येक ट्यूशनवाल्याची एक बॅच अशी असते की तिचं नाव बोर्डावर नसतं. निवडक पोरं, निवडक सर. बोर्डावर असतं ते सगळ्यांसाठी, नसतं ते आपल्यासाठी. त्यामुळं कोरा चौकोन दिसला आणि देविदासला वाटलं, हीच ती बॅच. संगमेशनं आणखी तीनदा नकार दिला. नकारानं तर त्याची खात्रीच पटली. मंगळवारपर्यंत आणखी अकरा जण विचारून गेले, सगळे बारीक आवाजात.

आता फी घेण्याचं काम उमाबाईंकडं होतं. उमाबाई म्हणजे घरमालकीण, खाली राहायच्या. संगमेशला पैसे मागायला जमायचं न्हाई. "फी राहिलीय" म्हणायला तोंड उघडायचा आणि "जेवण झालं का" असं विचारून बसायचा. म्हणून उमाबाईंनी ते खातं आपल्याकडं घेतलं. त्यांचे मालक चंद्रप्पा यांची मार्केटयार्डात धान्याची आडत होती. ते वारले, आडत गेली, पावतीपुस्तकं तेवढी उरली. तीच त्या फाडायच्या. छापील रकाने होते: माल, पोती, हमाली, तोलाई. उमाबाई लिहायच्या, माल गायन, पोती एक, हमाली न्हाई. पालकांना ही पावती लई आवडायची. बाकीचे क्लासवाले चिठ्ठीवर भागवतात, म्हणायचे.

बुधवारी संगमेश खाली गेला, तर उमाबाईंच्या डब्यात नोटा मावत नव्हत्या.

"काकू, परत करा ते पैसे."

"दारात आलेला माल आडत्यानं परत लावून दिलेला बघितलास का कधी?"

"माल कसला, काकू? त्या तासात काहीच न्हाई."

"मग तेच लिवलंय." त्यांनी पावती पुढं केली. माल: काहीच न्हाई. पोती: एक. "मी खोटं लिवत न्हाई. कपाळाला इभूत लावते मी. रोजच्या बॅचला आठशे घेतो आपण, ह्याला पंधराशे लावलेत."

"जास्त कशाला?"

"आठशे सांगितले तर शंका घ्यायलते."

खोलीत पोरं मावायची सोळा आणि पैसे घेऊन आलेले निघाले बेचाळीस. हे कळल्यावर देविदासचा नांदेडहून फोन आला. "परीक्षा घ्या, सर. बिगर परीक्षेच्या बॅचला काय दर्जा राहून राहिला?" संगमेशनं फोन ठेवला. उमाबाईंनी रविवारी परीक्षा घेतली.

प्रश्न एकच होता. या तासात काय शिकणार? उत्तर ज्याला येईल तो पास. पोरांना एवढा सोपा पेपर कधी आला नव्हता, त्यामुळं हुशार पोरं आधी नापास झाली. नववीत पहिल्या आलेल्या एका मुलानं चार पुरवण्या लावल्या. त्याची आई उमाबाईंच्या ओट्यावर बसून रडली. राजकन्यानं नाव लिहिलं, खाली काही लिहिलं न्हाई, आणि बेंचवर डोकं टेकवलं. ती पहिली आली.

सोमवारी पाचला संगमेशनं दार उघडं ठेवूनच पेटी काढली होती, तेवढ्यात सोळा पोरं आत येऊन ओळीनं बसली.

"टेस्ट न्हाई का रे आज?"

"बुडवली, सर."

"घरी जा. इथं काही न्हाई."

पोरांनी वह्या उघडल्या आणि त्यानं सांगितलेलं लिहून घेतलं.

जिन्यात पालक उभे होते. सोळा जोड डोळे तोंडाकडं बघायला लागले तर सा कुठून लावणार माणूस? तो सहापर्यंत गप बसला, पोरंही गप बसली. सहाला बाहेर आल्यावर आयांनी विचारलं, काय झालं आज? पोरं म्हणाली, काहीच न्हाई. आयांनी एकमेकींकडं बघितलं. बघा, म्हणल्या, बाहेर सांगायचं न्हाई हे पहिल्याच दिवशी शिकवलं.

गुरुवारी संगमेशनं ठरवलं, बसू देत कुणालाही, आपण गायचं. त्यानं यमनचे पहिले सूर लावले आणि उमाबाई वर आल्या.

"काय करायलास?"

"रियाज."

"पावतीवर काय लिवलंय? काहीच न्हाई. माल एक दाखवून दुसरा द्यायचा का? आमच्या मालकांनी जन्मात केलं न्हाई ते." त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मोजलं. "आन् सतरा कसे झाले? तू जागा अडवायलास. चल बाहेर."

"काकू, ही माझी खोली हाय. भाडं भरतो मी."

"पाचपर्यंत तुझी. सहाच्या पुढं तुझी. मधला तास विकलाय."

"मग मी कुठं बसू?"

"अर्ज कर," उमाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. आडतीवरच्या बाईचा आवाज तो.

संगमेशनं खरंच अर्ज केला. माणूस अडला की करतो. दुसऱ्या रविवारी तो पोरांच्या बेंचवर गुडघे वर करून बसला आणि उमाबाईंनी विचारलं, या तासात काय करणार? तो म्हणाला, रियाज. उमाबाईंनी त्याच्या नावापुढं फुली मारली. लई गयावया केल्यावर वेटिंगला चौथा नंबर दिला.

पाच ते सहा तो लातुरात फिरायला लागला. गंजगोलाईच्या बाजारात गायला तर एका दुकानदारानं दोन रुपये दिले. बागेत गायला तर चालायला आलेले एक रिटायर गृहस्थ जवळ येऊन विचारून गेले, घरी सगळं ठीक हाय ना? शेवटी तो समोरच्या मडिवाळप्पा तबलेवाल्याच्या गच्चीवर जागा मागायला गेला. मडिवाळप्पा शिडीवर चढून नवा बोर्ड लावत होता: "आमच्याकडे रोज दोन तास काहीच नाही. एसी हॉल."

"सर, तुमचीच कृपा," मडिवाळप्पा शिडीवरून म्हणाला. "माझा तबला बारा वर्षं चालला न्हाई. हे आठ दिवसांत चाललं."

ऑडिशनला नऊ दिवस उरले, तेव्हा शरणप्पांचा फोन आला. "सरकीची गाडी उतरायलीय. नांदेडहून सरळ इकडंच येतूस का, का कपडे न्यायला जायचं हाय लातूरला?" संगमेशला त्यांचा राग आला न्हाई. त्याला पोत्यांचा वास आला, फोनमधून.

एसी हॉलमुळं उमाबाईंची चार पोरं फुटली आणि शुक्रवारी संगमेशचा नंबर लागला. त्यानं पंधराशे रुपये मोजले. उमाबाईंनी पुन्हा विचारलं, काय करणार?

"काहीच न्हाई."

"बघ हां," त्या म्हणाल्या आणि पावती फाडली. पोती एक.

शनिवारी पाचला तो आत गेला, मागच्या ओळीत बसला, आणि मग त्याला दिसलं. सगळी पोरं झोपली होती. कुणी दप्तरावर, कुणी एकमेकांच्या खांद्यावर, एक जण पालथा. पहाटे चारपासून उठलेली पोरं ती. पहिले दोन दिवस वाट बघितली असेल त्यांनी, काहीतरी येईल म्हणून. तिसऱ्या दिवसापासून कळलं असेल की खरंच काही येत न्हाई, आणि हे बाहेर कुणी सांगितलं न्हाई. एवढं जपून ठेवलेलं गुपित संगमेशनं पूर्ण ट्यूशन एरियात बघितलं नव्हतं.

तो पेटीजवळ सरकला. भाता न उघडता नुसत्या पट्ट्या दाबायला लागला. बोटांचा तरी रियाज होईल. दहा मिनिटं झाली.

"सर," राजकन्या डोळे मिटूनच बोलली, "वाजवायचं तर वाजवा. नुसती टकटक येऊन राहिली. त्यानंच जाग येते."

"उठतील सगळे."

"कोण उठून राहिलंय."

संगमेशनं भाता उघडला. हळू सुरुवात केली. कुणी हललं न्हाई. मग तो आवाजात आला, आणि मग विसरला, पोरं, पावती, पेंड, सगळं. महिन्याभराचं तुंबलेलं गाणं होतं ते. पालथ्या पोरानं फक्त कूस बदलली.

पण जिन्यात ते ऐकू गेलं. दार उघडलं तेव्हा सगळ्यात पुढं देविदास होता, नांदेडच्या गाडीतून उतरून सरळ आलेला, खांद्याला पिशवी.

"सर, तुम्ही शिकवून राहिले का काय?"

"न्हाई. मी माझा रियाज करायलोय."

"पोरांपुढं?"

"पोरं झोपलीत."

हे ऐकल्यावर तर जिना पेटलाच. अक्षरा नावाच्या मुलीची आई सगळ्यांना ढकलून पुढं आली. "म्हंजे गाणंच चालू होतं व्हय इथं? गाणं आठशेला भेटतंय की. पंधराशे कशाला घेतलेत मग?"

उमाबाई वर आल्या, दारातून पेटी बघितली, उघडा भाता बघितला, आणि खाली जाऊन डबा घेऊन आल्या. भेसळ निघाली की माल परत घ्यायचा, हा त्यांच्या मालकांचा कायदा. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी एकेकाची पावती घेतली, फाडली आणि पंधराशे हातावर ठेवले. मधेच वर संगमेशकडं बघून म्हणाल्या, "तुझे पंधराशे भेटणार न्हाईत. भेसळ करणाऱ्याला परत देत न्हाईत." आयांनी पोरांना उठवलं, तोंडं पुसली, आणि सगळी रांग रस्ता ओलांडून मडिवाळप्पाच्या एसी हॉलकडं गेली. तिथं निदान दोन तास मिळत होते, आणि भेसळ नव्हती.

खोलीत राजकन्या उरली, दप्तरावर डोकं ठेवून. आणि देविदास. तो तिच्याजवळ उकिडवा बसला होता.

"उठेना ही," तो म्हणाला.

"उठवा की. पैसे घ्या काकूंकडून."

देविदासनं हात पुढं नेला आणि मागं घेतला. "मी शनिवारी येतो तर ही ट्यूशनला. रातच्याला जेवतो तर पुस्तकात. इतवारी निघतो तर टेस्टला. ही झोपती कशी, ते बघून दोन वर्षं झाले असतील, सर." तो आणखी खाली वाकला. "तोंड उघडं टाकून झोपती. माझ्या मायसारखी."

उमाबाईंनी जिन्यातून हाक मारली. "देविदासराव, घ्यायचेत का पैसे?"

"न्हाई," देविदास म्हणाला. "पाच ते सहा भरलेत मी. सहापर्यंत बसून राहतो."

"मी गाणार हाय पण," संगमेश म्हणाला.

"गा की. आम्ही काय ऐकून राहिलो का?"

त्यानं पिशवी उशाला घेतली, भिंतीला पाठ लावली आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. पेटीवरच्या काळी पाच पट्टीच्या जरा खाली घोरत होता, सरळ, अजिबात न हलता.

संगमेशनं पेटी जवळ ओढली. तान घेतली, ती निषादापाशी तुटली. पुन्हा घेतली, पुन्हा तिथंच तुटली. घड्याळात पाच चौतीस झाले होते. सहाला अजून सव्वीस मिनिटं होती.