वाटीतलं पाणी

पहिली मिरची

पेणला, परसात. लिआ तीन वर्षांची. सुपातली हिरवी मिरची तिला चवळीची शेंग वाटली आणि तिने ती कचकन चावली. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कान तापले. नाक वाहू लागलं. आईने जिभेवर गुळाचा खडा दाबला आणि हसत म्हणाली, "आता झालीस गं आमच्यातली!"

तरी जेवताना तिच्या ताटाशेजारी पाण्याची वाटी असायचीच. आई कालवणातला माशाचा तुकडा त्या वाटीत बुचकळायची, तिखट धुऊन काढायची, मग भरवायची. घरातल्या सगळ्या पोरांचं तसंच. वाटी सुटली की पोर मोठं झालं.

लिआची सुटायची होती, तेवढ्यात

पहिली मिरची, पुन्हा

सगळे आगबोटीने इस्राएलला आले. डिमोनात घर मिळालं, पप्पांना गिरणीत काम मिळालं, आणि आईच्या छातीचं दुखणं निघालं. आई हॉस्पिटलात गेली. लिआला किब्बुत्सात, म्हणजे सामुदायिक शेतवसाहतीत, ठेवलं, मुलांच्या घरात. तिथे पांढरं चीज, काकडी, उकडलेलं अंडं. सांभाळणारी ओर्ना मायाळू होती, पण तिच्या लेखी मिरची म्हणजे गोड ढबू मिरची. लिआ ती सफरचंदासारखी खायला शिकली. मराठी विसरत गेली, तेही तिला कळलं नाही.

चौसष्टच्या पेसाहच्या सणानंतर दोघी एकाच आठवड्यात घरी आल्या. आई हॉस्पिटलातून, लिआ किब्बुत्सातून. मधल्या काळात घर अबिगेलआत्याने, पप्पांच्या थोरल्या बहिणीने, चालवलं होतं आणि अजूनही चालवत होती.

पहिल्याच जेवणात लिआने कालवणात बोट बुडवून चाटलं आणि किंचाळली, "खारीफ!"

"अगोबाई, तिखट म्हण की!" आत्या म्हणाली. "इझिकेल, तुझी लेक मडमीण होऊन आली रे."

पप्पा हसले. आई हसली नाही. सहा वर्षांच्या लिआच्या ताटाशेजारी पुन्हा वाटी आली.

भिंतीपलीकडून

"तिखट सोसत नाही तिला आता," आत्या स्वयंपाकघरात पप्पांना सांगत होती. "ताटात घेते आणि चिवडत बसते. किती वाळलीय बघ. अशीच राहिली तर परत पाठवावी लागेल."

"एवढ्यात कुठे परत? आत्ता तर आली."

"मग खायला नको?"

भिंतीला टेकून उभ्या लिआने ते ऐकलं आणि वळून पाहिलं. दाराआड खुंटीवर तिची किब्बुत्सातली खाकी पिशवी टांगलेली होती. आत्याने ती अजून माळ्यावर टाकली नव्हती. का टाकली नव्हती, ते आता कळलं.

पहिली मिरची, रोज

बेर्शेबाच्या बाजारातून आणलेल्या लाल मिरच्या गॅलरीत चादरीवर वाळत घातलेल्या असत. शाळेतून आली की लिआ एक मिरची उचलायची आणि टोक कुरतडायची. पाणी प्यायचं नाही. किंचाळायचं नाही. डोळ्यांतून पाणी आलंच तर उन्हाकडे बघायचं, म्हणजे ते उन्हाचं ठरतं. रात्री पोटात कळ यायची. ती उशी चावायची आणि मनात घोकायची: तिखट, तिखट, तिखट. खारीफ नाही.

ओठ सुजले तेव्हा आईने विचारलं, "काय झालं गं?"

"ऊन," लिआ म्हणाली. मराठीत.

शुक्रवारी

शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या होत्या. पप्पांनी काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना म्हटली. आत्याने कार्प माशाचं लालभडक कालवण वाढलं. "मेला सगळा काटेच काटे. पेणच्या खाडीतला मासा खाल्लेल्याने हा काय खावा!"

लिआने वाटी बाजूला सरकवली, आईच्या ताटाकडे. तुकडा उचलला. काटे काढले. न धुता खाल्ला.

जिभेला आग लागली. तिने मेणबत्तीकडे पाहिलं. दुसरा घास घेतला.

"शाब्बास!" पप्पांनी मांडीवर थाप मारली. "ताई, बघितलंस? सुटली पोरीची वाटी!"

"बघितलं हो. थांब, भात आणते." आत्या आत गेली. पप्पा खाली वाकून काटे काढू लागले.

इतक्यात लिआच्या डोळ्यांसमोरून आईचा हात गेला. आईच्याच ताटातला तुकडा होता. तो झटकन वाटीत बुडाला, दोनदा हलला, फिका होऊन वर आला आणि आईच्या तोंडात गेला. आईने डोळे मिटून गिळला. किती दिवसांची उपाशी असल्यासारखा.

तिखट सोसत नाही तिला आता.

तिला.

लिआने आईच्या मनगटाकडे पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत घसरली होती. आपल्या पिशवीकडे एवढे दिवस बघत बसलो आणि पलंगाखालची आईची हॉस्पिटलातली, अजून तशीच भरलेली पेटी दिसलीच नाही.

आत्या भात घेऊन आली आणि थबकली. "वाटीतलं पाणी लाल कसं? ही तर तसाच खात होती ना? कुणी बुडवलं?"

आईचा हात ताटावरच थांबला. पप्पांनी मान वर केली.

"मी," लिआ म्हणाली.

"तू?"

"मीच. मला खूप तिखट लागतं."

"म्हणजे मघाचं नाटकच होतं तर!" आत्याने वाटी उचलली, नवं पाणी भरलं आणि तिच्यापुढे आदळली. "घ्या, मडमीण! शाब्बासकी काय, वाटी सुटली काय... इझिकेल, ऐकतोयस ना? हिला इथलं काही अंगी लागायचं नाही."

पप्पा पुन्हा वाकून काटे काढू लागले. तेच लिआला लागलं, मिरचीपेक्षा.

तिने मोठा तुकडा घेतला आणि पाण्यात सावकाश धुतला, अगदी पांढरा होईपर्यंत. कोपरा चिमटून तोंडात टाकला आणि उरलेला तुकडा आईच्या ताटात ठेवला.

"मला नको. तू खा."

पोरांचं उष्टं आया खातातच. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आईने तो तुकडा खाल्ला. मग लिआने दुसरा धुतला.

दाराआडच्या पिशवीकडे तिने पाहिलं नाही. आई एकटक तिच्याकडे बघत होती आणि खात होती, आणि लिआ वाटीत पुढचा तुकडा बुडवत होती.