शिडीला दिलेली खुर्ची

बायको गेली त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलातून घरी आलो, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मैदानावर तिच्या बास्केटबॉलच्या मुली येऊन उभ्या असतील. बॉलच्या खोलीची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. मी किल्ल्या बनवायचं दुकान चालवतो, पण त्या कुलपाची दुसरी किल्ली काही आमच्याकडे नव्हती. घरात माणसं बसली होती. कुणाला न सांगता चपला घातल्या आणि निघालो.

मुली कुंपणाला टेकून खिदळत होत्या. मला एकट्याला येताना पाहून गप्प झाल्या. सांगावं काही लागलंच नाही. मग सगळ्यात बुटकी, जिला सगळे चिमणी म्हणतात, तिने बाहीने नाक पुसलं आणि विचारलं, "काका, उद्या कुलूप कोण उघडणार?"

मी म्हणालो, मी.

कुलूप उघडणं सोपं होतं. पुढचं मला येत नव्हतं. बॉल जाळीतून खाली पडला की टाळ्या वाजवायच्या, एवढाच मला बास्केटबॉल कळतो. मुलींचा हा संघ बायकोने उभा केला होता. ती स्वतः काही मोठी खेळाडू नव्हती. उंचीने माझ्या खांद्याला लागायची. मोठा खेळाडू तिचा धाकटा भाऊ. देशाकडून खेळला, त्याची पोस्टरं लागली, मग गुडघ्याने दगा दिला आणि तो घरी बसला. बाहेर त्याला साहेब म्हणतात, घरात उंचीमुळे सगळे शिडी म्हणतात. फक्त सासूबाई अजून बाळ्या म्हणतात.

तो सासूबाईंना घेऊन माझ्या सोबतीला राहायला आला होता. मी त्याला मुलींचं सांगितलं. तो म्हणाला, भाऊजी, ताईचा संघ मी वाऱ्यावर सोडीन का? मला वाटलं, चला, सोन्याहून पिवळं झालं.

पहिले काही दिवस मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुलींचे बाप शिडीबरोबर फोटो काढायला यायचे. एका बापाने तर शिडी फोटोत मावत नाही म्हणून स्वतःच्या मुलीलाच बाजूला सारलं.

मग शिकवणं सुरू झालं. शिडी बॉल घ्यायचा, दोन ढांगा टाकायचा, उडी मारायचा, बॉल जाळीत जायचा. म्हणायचा, "असं." मुली विचारायच्या, असं म्हणजे कसं? तो पुन्हा टाकायचा आणि म्हणायचा, "हे असं." त्यापुढे गाडी जात नव्हती. एकदा एका मुलीचे लागोपाठ तीन नेम चुकले. ती वाद घालण्यात हुशार, म्हणून तिला वकील म्हणतात. शिडीने तिला अगदी मनापासून विचारलं, "पण तू का चुकतेस?"

ती म्हणाली, जमत नाही.

"जमत नाही म्हणजे नक्की काय होतं?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्याचं डोकं कधी दुखलं नाही, तो डोकेदुखीबद्दल असंच विचारणार. पण वकिलीणबाईंना तो टोमणा वाटला. त्या दिवशी तिने वाद घातला नाही, यावरूनच मी काय ते समजलो.

दुसऱ्या दिवसापासून कुणाचा अभ्यास वाढला, कुणाचा पाय मुरगळला. होता होता पाच मुली उरल्या. संघाला पाच लागतात. आणखी एक गेली असती तर माझ्या हातात नुसती किल्ली राहिली असती. या विचारात दुकानात एका गिऱ्हाइकाची किल्ली उलटी कापली.

रविवारी शेजारच्या शाळेबरोबर मैत्रीचा सामना होता. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. बसायला उशी घेऊन आल्या. सामना सुरू झाला आणि आमच्या एखाद्या मुलीने बॉल घेऊन धाव घेतली की पंच शिट्टी वाजवायचे. बॉल हातात धरून पाऊल जास्त पडलं म्हणे. पुन्हा धाव, पुन्हा शिट्टी. पाचही जणींचं तेच. शिडी पंचांशी भांडायला उठला. पंच बिचारे मान वर करून करून थकले, पण ऐकेनात.

"बाळ्या," सासूबाई म्हणाल्या, "इकडे ये."

एवढा मोठा माणूस बाळ्या आहे हे मुलींना तेव्हाच कळलं.

"ते बरोबर बोलतायत. मघापासून बघतेय मी. या पाचही जणी लंगडतायत."

"लंगडतायत?"

"तुझ्यासारख्या. डावा पाय ओढतात आणि मग उडी मारतात. तू दाखवलंस, त्या शिकल्या. पोरींचं काय चुकलं?"

शिडी आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदा चिमणी हसली. मग वकील हसली, मग शिडी एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. बायको गेल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसलो. सामना आम्ही सपाटून हरलो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मैदानात खुर्ची ठेवली आणि लेकाला सांगितलं, इथे बसायचं आणि तोंडाने शिकवायचं, उठलास तर माझ्याशी गाठ आहे. शिडी बसला. एकदा "असं" म्हणून पाहिलं. शेवटी मुलींनाच विचारलं, "ताई कसं सांगायची?"

चिमणी म्हणाली, "बाई म्हणायच्या, बॉल फेकायचा नाही. साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायचा. आवाज न करता."

ती फळी आमच्या स्वयंपाकघरातली. बायको रोज सकाळी टाचा उचलून, हात ताणून, बोटांच्या टोकांनी डबा आत सरकवायची. मी रोज बघायचो. मला वाटायचं, ती साखर ठेवतेय.

शिडीने बसल्या बसल्या हात वर केला, मनगट वाकवलं, बोटं सोडली. पुन्हा केलं. म्हणाला, "अरे, मी हेच करतो की." घरी येऊन त्याने डबाही ठेवून पाहिला. टाचा उचलायचं राहिलं बाजूला, त्याला वाकावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, साखर सांडलीस तर झाडायचीही तूच.

तेव्हापासून बरं चाललंय. बाईंचे शब्द मुली सांगतात, आणि शिडी खुर्चीतून बाईंना कधी दिसलं नसतं ते सांगतो. समोरची कुठे वळणार हे तिच्या आधी याला कळतं. गेलेल्या मुली एकेक करून परत आल्या. वकील रोज खुर्चीशी वाद घालते. परवा एका बापाने मला विचारलं, एवढा मोठा खेळाडू, शिकवतो कसा? मी म्हणालो, उभा असला तर अवघड, बसला की चांगला.

एकच अडलंय. सुट्टीनंतर डाव्या हाताने बॉल टाकायला शिकवते, असं बायकोने मुलींना सांगितलं होतं. शिडी तो झोपेतही टाकील, पण सांगायला जातो तेव्हा पुन्हा "असं" म्हणतो. ताई घरात डाव्या हाताने काय करायची, असं तो मला रोज सकाळी चहा पिताना विचारतो. मी दारं आठवतो, भांडी आठवतो, शर्टाची बटणं आठवतो. अजून काही सापडलेलं नाही. डावा हात शिकवायचा राहिलाय.