घर बघायला येणारी माणसं

आमचे हे गेले आणि जाताना मला धाकट्या दिरांच्या हवाली करून गेले. मृत्युपत्रात तसं लिहिलेलं नव्हतं, पण अर्थ तोच. घर विकावं, येतील त्या पैशांचे दोन सारखे भाग करावेत, एक बायकोला, एक मुलीला, आणि हे सगळं धाकट्या भावानं पार पाडावं. का, तर बायकोला व्यवहार कळत नाही. गॅसवाल्यापासून गवंड्यापर्यंत इतकी वर्षं या घराचा व्यवहार कोणी पाहिला, हे विचारायला आता माणूस समोर नव्हता. फोटोला विचारून पाहिलं. फोटोतही ते माझ्याकडे न बघता भलतीकडेच बघत होते.

मला एवढंच हवं होतं की या घरातून हलायचं नाही. घर काही मोठं नाही. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे हातभर अंगण. पण सगळं पायाखालचं, डोळे मिटून फिरावं असं. मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, एवढं घर तू एकटी झाडत बसणार का, आणि शिवाय मला माझं कर्ज फेडायचंय. दोन्ही कारणं तिनं एका दमात सांगितली, त्यामुळे खरं कुठलं ते मला शोधत बसावं लागलं नाही.

कोर्टानं मृत्युपत्र खरं ठरवून तसा कागद दिल्याशिवाय, म्हणजे प्रोबेट मिळाल्याशिवाय, घर विकता येत नव्हतं. तेवढे महिने मी सुखात काढले. त्या अर्जाची पेपरात नोटीस द्यावी लागते, कोणाची हरकत आहे का म्हणून. माझी होती. वकील म्हणाले, बाई, सही खरी आहे, साक्षीदार हयात आहेत, सही करताना तुमचे यजमान पूर्ण शुद्धीवर होते, आणि ‘मला आवडलं नाही’ ही काही हरकत होत नाही. ह्यांच्या शुद्धीबद्दल माझं मत वेगळं होतं, पण ते लग्नापासूनचं.

प्रोबेट मिळालं तसा एजंट आला. चकचकीत बुटांचा, तोंडात साखर ठेवून बोलणारा. घरभर फिरून त्यानं सांगितलं की भिंतीवरचा फोटो उतरवा, औषधांच्या बाटल्या हलवा, ह्यांची पाठ टेकायची ती खुर्ची तर आधी काढा. माणसाला घरात स्वतःचं सामान दिसलं पाहिजे, दुसऱ्याचं नाही. आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा बाईंनी जरा फिरून यावं, कारण राहणारा माणूस समोर असला की येणारा बुजतो. यावर भाऊजी त्याच्यावरच घसरले.

“वहिनी कुठे जाणार उन्हातान्हाच्या? त्यांचं घर आहे. बसू देत त्यांना.”

मला भरून आलं. हे गेल्यापासून माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या दिवशी भाऊजींच्या चहात मी साखर हात सैल सोडून घातली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नवरा, बायको आणि बायकोची आई. आईनं जिन्याकडे पाहून सहज विचारलं, जरा उभा आहे ना हो? मी काही ठरवून बोलले नाही. मी म्हटलं, उभा आहेच, शिवाय शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. आमच्या ह्यांनी जिना स्वतः आखला. गवंडी हात जोडून सांगत होता, पण हे म्हणाले, मी आहे ना, आणि खालच्या खोलीत कपाटापुरती जागा वाचवली. त्या पायरीवर आमच्याकडचा एकही पाहुणा अडखळल्याशिवाय राहिलेला नाही, नणंदबाईंचा तर दात पडला. ती माणसं वरच्या खोल्या न बघताच गेली. एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला मात्र कळलं की घर वाचवायचं हत्यार माझ्या तोंडातच आहे.

पुढच्यांसाठी मी तयारीनं बसले. खोटं मी कधीच बोलले नाही. गरजच नव्हती, ह्यांनी खऱ्याचाच एवढा साठा करून ठेवला होता. बाथरूमचा उतार उलटा, पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे येतं. मागच्या भिंतीला ओल. दर वर्षी हे तिच्यावर रंग मारायचे आणि ओल गेल्याचं जाहीर करायचे. झोपायच्या खोलीच्या दिव्याचं बटण खोलीबाहेर, कारण तेवढी वायर वाचली. आपण आत, बटण बाहेर. हे ऐकून लोक हसायचे आणि हसत हसत निघून जायचे. आणि मलाही, काय लपवायचं, मजा यायला लागली. ह्यांच्याशी इतकी वर्षं भांडले, पण माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते पेपर उघडायचे. आता परकी माणसं समोर उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती, आणि ह्यांना उलट बोलायची सोय नव्हती.

एकदाच फजिती झाली. एका बाईंना ते बटण दाखवत होते आणि मध्येच रडू फुटलं. शेवटच्या आजारात हे रात्री हाक मारायचे, आणि मी अंथरुणातून उठून, बाहेर जाऊन दिवा घालवायची. घालवला की आतून म्हणायचे, चुकलंच माझं ते बटण. एवढ्या वर्षांत चूक कबूल केली ती ही एक, आणि तीसुद्धा अंधारात. त्या बाईंनी माझा हात धरला, पण घर नाहीच घेतलं.

एजंटनं भाऊजींकडे तक्रार केली. भाऊजी म्हणाले, वहिनींचं दुःख ताजं आहे, चालायचंच. किंमत उतरवली. पुन्हा काही महिन्यांनी उतरवली. उतरली की मी मनात म्हणायची, आणखी थोडी कळ काढ, कंटाळून नाद सोडतील. त्यातली अर्धी किंमत माझीच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायकोला व्यवहार कळत नाही हे ह्यांचं म्हणणं मी असं स्वतःच्या हातानं खरं करत होते.

मग भाऊजी एका माणसाला घेऊन आले. हा गिऱ्हाईक नव्हता, घराची रीतसर किंमत ठरवून अहवाल देणारा होता. भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्हीच दाखवा, तुमच्याइतकं हे घर कोणाला माहीत? मी पदर खोचला. ओल नीट दिसावी म्हणून त्याच्याबरोबर कपाटसुद्धा सरकवलं. तो बॅटरी मारून बघत होता, लिहून घेत होता, आणि मध्येच, थांबा, पायरी किती उंच म्हणालात, असं विचारत होता.

त्यानंतर भाऊजी आले ते एकटेच. गिऱ्हाईक मिळालं म्हणाले. कोण, तर त्यांचाच मुलगा. आता व्यवस्था बघणाऱ्यानं आपल्याच माणसाला घर द्यायचं तर दोन्ही वारसांची संमती लागते. मुलीची सही झालेली होती. माझी तेवढी राहिली होती.

“घर घरातच राहिलं, वहिनी. परक्याच्या घशात गेलं नाही.”

मी किंमत वाचली. “एवढ्यात?”

“भाव मी कुठे ठरवला?” भाऊजी शांतपणे म्हणाले. “तुम्हीच ठरवलात. एजंट पहिल्या दिवसापासून सांगत होता, बाईंना बाहेर पाठवा. मी म्हटलं, बसू दे. दादा नेहमी म्हणायचा, हिला फक्त बसायला खुर्ची द्या, पुढचं ती बघते.”

ते हसले असते तर मी काहीतरी फेकून मारलं असतं. ते हसले नाहीत. चहा संपवून, कप स्वतः विसळून ठेवून गेले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, पण केसही माझाच होता.

मी वकिलांकडे गेले. त्यांनी अहवाल वाचला आणि विचारलं, यात खोटं काय आहे? मी पुन्हा पुन्हा वाचलं. ओल, उतार, पायरी, बटण, सगळं माझ्याच तोंडचं, फक्त जरा सभ्य भाषेत. काहीच खोटं नाही, मी म्हटलं. मग तुम्ही भांडणार कशावर, ते म्हणाले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, तूच सगळ्यांना पळवून लावलंस म्हणे, आता सही कर आणि मोकळी हो. मी सही केली. मोकळी बिकळी काही झाले नाही. भाऊजींचा मुलगा आयत्या बिळावर नागोबा झाला, आणि माझ्या वाट्यात शहराच्या पार कडेला एक खोली बसली, जिची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीला जवळजवळ टेकते.

निघायच्या आदल्या दुपारी भाऊजींची सून मापं घ्यायला आली. मुलगी चांगली आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. काकू, तुम्ही बसा, असं दोनदा म्हणाली. स्वयंपाकघरात टेप उलगडून ओट्यावरच्या खिडकीशी थांबली.

“काकू, हिच्यातून ऊन येतं का हो कधी?”

आमच्या ह्यांनी या घरात एकच गोष्ट बरोबर केली होती. नुसती मोकळी जमीन होती तेव्हा हे कित्येक सकाळी इथे येऊन उभे राहिले, ऊन कुठून शिरतं ते पाहिलं, आणि त्याच जागी ही खिडकी ठेवली. सकाळी ओटाभर ऊन पडतं. तिथे उभं राहून आम्ही रोज चहा प्यायलो. बोलायचो नाही, म्हणून भांडणही व्हायचं नाही. माझा संसार सुखाचा झाला तो तेवढाच. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “अजिबात नाही.”

तिनं भिंतीवर टिचकी मारून पाहिली. “मग बुजवूनच टाकते. इथे मोठं कपाट होईल, नाही?”

हो, कपाटाला जागा चांगली आहे, असं म्हणत मी टेपचं दुसरं टोक धरलं.