तेरावा तुकडा

सान्ता क्लाराच्या बियाणे संशोधन केंद्रात इंटरनेट नव्हतं, फक्त ईमेल होता. जगात काहीही हवं असलं तरी पत्र लिहूनच मागवावं लागे. युरोपात कुठेतरी एक यंत्र बसलेलं होतं. फाइलचा पत्ता त्याला कळवला की ते फाइल आणायचं, तिचे तुकडे करायचं, तुकड्यांची निरर्थक अक्षरं करून पत्रांतून पाठवायचं. इकडे ती पत्रं जोडली की फाइल परत उभी राहायची. एखादं पत्र हरवलं की बसा बोंबलत.

एनेइदाने मागवलेल्या फाइलचे तेरा तुकडे झाले. केंद्रातल्या ईमेलच्या टपालपेट्या एवढ्याशा, तिच्या एकटीच्या पेटीत तिसऱ्याच तुकड्याला जागा संपली असती. म्हणून नेटवर्क सांभाळणाऱ्या रिगोबेर्तोने तुकडे तेरा जणांना वाटून दिले. कोण कोणाशी बोलत नाही याची चौकशी त्याने केली नाही. शेवटचा तुकडा मिग्दालियाच्या पेटीत गेला. प्रेशर कुकरच्या एका रबरावरून एनेइदाचा आणि तिचा दोन वर्षं अबोला होता.

फाइल होती रेडिओवरच्या एका जुन्या गायनस्पर्धेची. एनेइदाची आई कारिदाद जन्मभर सांगत आली होती की लग्नाआधी ती रेडिओवर गायली होती. घरात ती स्वयंपाक करतानाही कधी गुणगुणत नसे. एनेइदाने हे लहानपणीच गोड थाप म्हणून सोडून दिलं होतं. मग मायामीच्या मावसभावाने कळवलं की तिथल्या एका विद्यापीठाने तसल्या ध्वनिफिती नेटवर ठेवल्यात. आता एकदा सोक्षमोक्ष लागू दे, असं एनेइदाला वाटलं. आईला मात्र तिने सांगितलं, "तुला ऐकवायला मागवतेय."

शुक्रवारी कारिदाद लिपस्टिक लावून, मोत्यांचे डूल घालून केंद्रात आली. सगळे जमले. तुकडा ज्याने सांभाळला त्याला तो आपलाच वाटत होता.

"सातवा माझा," लेखापाल म्हणाला. "नीट ऐका."

तेरावा न मागताच एनेइदाने बारा जोडायला लावले. शेवटी नुसती खरखर असणार, असं तिने स्वतःला पटवलं होतं. एका मुलीने बोलेरो चालीचं प्रेमगीत म्हटलं, टाळ्या झाल्या, आवाज थांबला.

"ही ऑर्तेन्सिया," कारिदाद म्हणाली. "पहिला नंबर तिचाच. माझं हिच्यानंतर."

"हो ना, काकू," रिगोबेर्तो आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला. कोणीतरी खोकलं. सगळ्यांना काकूंची दया आली आणि ती त्यांच्या तोंडावर दिसत होती. ते एनेइदाला सोसवेना. ती उठून मिग्दालियाच्या टेबलाशी गेली.

"तेरावा तुझ्याकडे आहे."

"आठवडाभर आहे. पेटी तुंबलीय माझी. नवऱ्याचं पत्र परत गेलं."

"मग पुसला का नाहीस?"

"तुझ्या आईचा आहे. तुझा असता तर केव्हाच पुसला असता."

मिग्दालियाने तो रिगोबेर्तोकडे पाठवला. त्याने सगळं पुन्हा जोडून त्या टाळ्यांपासून पुढे लावलं. निवेदकाने घसा साफ केला: "आता रेमेदिओस गावच्या कुमारी कारिदाद सुलुएता." गिटार वाजली. मग एक कोवळा, थोडा घाबरलेला आवाज आला, दुसऱ्या ओळीत सावरला आणि खूप सुंदर झाला. एनेइदाने तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. तिला रडू फुटलं. कडव्याच्या मध्येच फीत संपली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारिदाद मुलीच्या तोंडाकडे बघत होती.

"तू का गं रडतेस?"

"काही नाही."

"तुला खोटं वाटत होतं."

एनेइदाने मान डोलावली.

"कधीपासून?"

"लहानपणापासून, आई."

कारिदादने मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली, रिगोबेर्तोला पुन्हा लावायला सांगितलं आणि आपली खुर्ची मागे सरकवली.

"तू पुढे बस," ती मुलीला म्हणाली.