रक्तातली वाटणी

"घरात, नात्यात कुणाला जन्मापासून काही?" तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि तिच्या तोंडून "नाही" निघून गेलं.

शेजारी बसलेल्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. बाहेर जिना उतरताना तो म्हणाला, "टिल्लू कुठे गेला मग?"

टिल्लू तिचा धाकटा भाऊ. आता चांगला बाप्या झालेला, डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला. एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायचा. कामावरून आला की दारातूनच म्हणायचा, "थकलो बुवा, पाणी द्या कुणीतरी." हे त्याने वारलेल्या वडिलांकडून उचललं होतं, सुस्काऱ्यासकट.

"वाटलं, नाव काढलं तर ते खरं होईल," ती म्हणाली.

नवरा जिन्यातच थांबला. "चल, परत वर जाऊ."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी समजावून सांगितलं. बहुतेक घरांत हा निव्वळ योगायोग असतो, कुणाकडून कुणाला येत नाही. थोड्या घरांत मात्र रक्तातून येतं. एकविसावं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला चिकटून बसलेलं असतं. ज्याच्या अंगात ते असतं त्याला काही त्रास नसतो, कारण माल तेवढाच, फक्त बांधाबांध वेगळी. पण मुलाला देताना वाटणी चुकू शकते.

"भावाची तेव्हा तपासणी झाली असेल," त्या म्हणाल्या. "आईंना विचारा."

विचारायला तिला चार दिवस लागले. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची, फ्रेमच्या मापाने काचा घासायची. त्या दिवसांत तिने दोन काचांचे टवके उडवले. मालक म्हणाले, "घरी जा थोडी, पडून राहा," पण घरी जायचीच तिला धास्ती होती. लग्नानंतर दोघं तिच्या माहेरीच राहत होती, तिथे आई होती, आणि टिल्लू होता. जेवताना ती त्याच्याकडे चोरून बघायची. आखूड मान, बारके कान, तळहातावरची ती एकच आडवी रेघ. आयुष्यभर पाहिलेला चेहरा ती परक्यासारखा तपासत होती, आणि तिला स्वतःचीच किळस यायची. बाथरूममध्ये कडी लावून तिने आपलेही तळहात पाहिले.

रविवारी आई वाटाणे सोलत बसली होती. टिल्लू गॅलरीत रेडिओ लावून बसला होता.

"आई, टिल्लूच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते?"

"काय म्हणणार? हळूहळू शिकेल म्हणाले. शिकला की."

"कुठून आलं, ते सांगितलं होतं?"

आईचे हात थांबले नाहीत, पण दाणे सालांत आणि सालं दाण्यांत पडायला लागली.

"माझ्यातून," आई म्हणाली. "तुझ्या नि त्याच्या मधले दोन पोटातच गेले, तेही ह्यामुळेच. माझं रक्त तपासलं होतं. मुलगी मोठी झाली की तिलाही दाखवा, असं सांगितलं होतं."

ती तिथेच फरशीवर बसली. "आणि तू गप्प राहिलीस."

"आधी तुझं लग्न व्हायचं होतं. मग झालं. मग म्हटलं, नवा संसार आहे, आत्ताच नको. रोज म्हणायचे, उद्या सांगते." आई तिच्याकडे बघत नव्हती. "तुझी आजी, म्हणजे माझी सासू, जो भेटेल त्याला सांगायची, आमच्या घराण्यात असलं काही नाही. ती बरोबर होती, हे मला कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. तुला तर मुळीच नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"होतं. ते म्हणाले, पोरगं माझं आहे, कुठून आलं ते कशाला विचारायचं."

एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण रागाला आत जागाच नव्हती, सगळी भीतीने अडवली होती.

तिचं रक्त तपासलं. आईचं होतं तेच तिच्यात होतं. डॉक्टरीणबाईंनी धीर दिला, की अशा आयांची बहुतेक बाळं धडधाकट असतात. खात्री हवी तर पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढायचं. त्यात बाळ जायचा धोका थोडा असतो, पण असतो.

"तू म्हणशील तसं करू," नवरा रिक्षात म्हणाला.

"सगळं मी म्हणेन तसं. तुला काय वाटतं ते बोल की एकदा."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी टरकलोय. काल मनात आलं, बाळ तसलं नको. नेमकं तेवढ्यात टिल्लूने दार उघडलं. 'या भावजी' म्हणाला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना."

तिने त्याचा हात धरला. दोघांचेही हात गार होते.

सुई घ्यायचं ठरलं. टेबलावर पडल्या पडल्या तिने डोळे मिटून घेतले. पडद्यावर जे दिसत होतं त्याच्यात जीव गुंतवायची तिची छाती नव्हती. नंतर दोन दिवस ती पाय उचलतानाही भ्यायची. पोटात जरा कळ आली की धस्स व्हायचं, आणि कळ थांबली की निकालाची भीती मागून यायचीच.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत एका दुपारी टिल्लू दुकानात आला. मशीन बंद होईपर्यंत दारात उभा राहिला.

"ताई, बाळ माझ्यासारखं आहे?"

तिने हातमोजे काढायला उगीच वेळ लावला. "माहीत नाही रे अजून."

"असलं तर माझ्या खोलीत ठेवू," तो म्हणाला. "तुमच्या खोलीत कपाटच मोठं आहे."

"बरं," ती म्हणाली. असलं तर काय, इथेच ती अडकली होती, आणि तो मात्र जागा ठरवून मोकळा झाला होता.

निकाल फोनवर कळला. बाळ तिच्यासारखं होतं. एक गुणसूत्र चिकटलेलं, पण माल पुरता, ना कमी ना जास्त. ती भिंतीला टेकून रडली. नवरा तिला धरून उभा राहिला. आईने डोळ्यांना पदर लावला आणि मग एकदम हळू आवाजात विचारलं, "तसं असतं, तर काय केलं असतंस?"

"माहीत नाही, आई."

"तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. पोटात असताना कळलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी मनाशीसुद्धा कधी पुरतं बोलले नाही."

दार उघडंच होतं. टिल्लू बाहेर बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. त्याने ऐकलं की नाही, ते त्याच्या पाठीवरून कळेना. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"बाळ माझ्यासारखं आहे," तिने सांगितलं.

टिल्लूने मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि कामावर गेला. त्या संध्याकाळी आल्यावर त्याने पाणी मागितलं नाही, स्वतःच घेऊन प्यायला.

मुलगी झाली. मामाच्या अंगाखांद्यावर वाढली, त्याच्याशी भांडली, त्याच्या ताटातलं खाऊन पळाली. पोर दहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या आईने ठरवलं, की उद्यावर ढकलायचं नाही. तिने मुलीला समोर बसवलं आणि तिला कळेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. टिल्लूला मुद्दाम तिथेच बसवून घेतलं. त्याच्यामागे काही बोलायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"म्हणजे मोठेपणी मला मामासारखं बाळ होऊ शकतं?"

"होऊ शकतं. होईलच असं नाही."

मुलगी मामाकडे बघत राहिली. कान, मान, हात. ती आपलीच जुनी नजर मुलीच्या आईने ओळखली. टिल्लूलाही ती जाणवली असावी. त्याने आपले दोन्ही तळहात उघडून भाचीपुढे धरले, आणि मुलीने वाकून ते नीट पाहिले.