फुलीवाला

“काठोकाठ भर,” दाजी म्हणाले.

फुलीवाल्याने काचेचं लांब नळकांडं नळाखाली धरलं. कापड रंगवणाऱ्या त्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्याचं एकच काम होतं. ओढ्यात सोडायचं पाणी नळकांड्यात घ्यायचं, वरून डोळा लावून तळाशी रंगवलेली काळी फुली दिसते का ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त हजेरीपटात उरलं होतं.

आज नव्या यंत्राचा पहिला दिवस. जाडजूड भिंतींच्या खोलीत ते यंत्र विजेचे सूक्ष्म कण भन्नाट वेगाने पळवून पाण्याच्या पातळ पडद्यावर सोडायचं आणि एरवी कशालाच न जुमानणारा रंग तुटून जायचा. ते बघायला ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीतली माणसं बोलावली होती. त्यांत दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई जाऊन वर्ष झालं होतं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. पाण्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. पाण्यामुळे नाही, असंही म्हणाले नव्हते.

नळकांडं भरलं. फुली लख्ख दिसली. इंजिनिअरबाईंनी टाळ्या वाजवल्या, साहेब पाहुण्यांना घेऊन चहाकडे वळले. दाजी जागचे हलले नाहीत.

“कालपर्यंत सोडत होतात, ते पाणी दाखव.”

ते शेजारच्या टाकीत यंत्राकडे जायला थांबलेलं होतं. त्याने भरलं. फुली सोडाच, तळही दिसेना.

“मग वहीत रोज काय लिहायचास?”

“दिसते.”

“कशी?”

थाप मारायला जागा होती. पण समोर ताईचा नवरा उभा होता, आणि फुलीवाल्याला स्वतःचीच शिसारी आली.

“अर्धंच भरायचो, दाजी.”

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या साहेबांनी तसं शिकवलं होतं. कारखाना बंद पडला तर तीनशे घरं उघड्यावर येतील, म्हणाले होते. फुली तर दिसतेच ना, अशी त्यानेही मनाची समजूत घातली. ताईकडे जाताना मात्र तो घरून पाण्याची बाटली न्यायचा. आमच्या विहिरीचं पाणी तुला बाधतं होय रे, म्हणून ती हसायची.

“आता अर्धं कर.”

त्याने अर्धं पाणी परत टाकीत ओतलं. दाजींनी चष्मा काढला, वाकून बराच वेळ पाहिलं.

“दिसते,” ते म्हणाले. नळकांडं त्यांनी कठड्यावर ठेवलं, पडून फुटू नये म्हणून जरा आत सरकवलं. “म्हणून तू बाटली आणायचास.”

मग ते चहाला न थांबता फाटकाबाहेर गेले.

अकराचा भोंगा झाला. ही नोंदीची वेळ. फुलीवाल्याने नळकांडं धुतलं, नवं पाणी काठोकाठ भरलं आणि डोळा लावला. पाणी नितळ होतं, पण त्याचे डोळे असे भरून आले होते की काही केल्या फुली दिसेना. बाहीने तीनदा डोळे पुसून पाहिले. शेवटी त्याने वही ओढली आणि लिहिलं, दिसत नाही.